पुठ्ठ्याच्या तिकिटापासून चिपच्या कार्डापर्यंत

तिकीट म्हणजे पैसे दिल्याची पावती, असे आपण समजतो. ते खरेच आहे, पण तिकिटाचे दुसरेही एक काम असते. गाडीत पैसे घेणारा माणूस वेगळा आणि गाडीचा मालक वेगळा. या दोघांमधला हिशेब कसा तपासायचा, या प्रश्नातून तिकिटाची निरनिराळी रूपे घडत गेली. यंत्राजवळ नुसते धरायचे स्पर्शविरहित कार्ड हे त्यांतले अलीकडचे रूप. अमरावती-अकोल्याकडून या इतिहासाकडे पाहिले, तर मोठ्या शहरात सहसा न जाणवणाऱ्या काही अडचणी ध्यानात येतात.

मुंबईहून निघालेली जी.आय.पी. रेल्वे अकोला, बडनेरा करत १८६७ साली नागपूरला पोचली. त्याच्या तीसेक वर्षे आधी इंग्लंडमध्ये थॉमस एडमंडसन या स्टेशनमास्तरने पुठ्ठ्याचे छोटे तिकीट तयार केले होते. त्याची खरी युक्ती पुठ्ठ्यात नसून त्यावर छापलेल्या क्रमांकात होती. सकाळी वरच्या तिकिटाचा क्रमांक २०० आणि संध्याकाळी २६० असेल, तर साठ तिकिटे विकली गेली. मग साठ भाड्यांचे पैसे गल्ल्यात हवेत. एका साध्या वजाबाकीने हिशेब पुरा! भारतीय रेल्वेनेही हीच पद्धत स्वीकारली. मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरच्या ‘शकुंतला’ या चिमुकल्या गाडीत तर शेवटच्या काळात गार्डच तिकिटे विकत असे.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. एसटीच्या कंडक्टरकडे वेगवेगळ्या किमतींच्या तिकिटांचा ट्रे आणि हातात पंच असे. ठरावीक टप्प्यावर तो तिकिटांचे क्रमांक वे-बिलात उतरवी. तपासनीस मध्येच गाडीत चढला, की ट्रेमधले क्रमांक, वे-बिल आणि गाडीतली माणसे यांचा मेळ घाली. एडमंडसनचीच वजाबाकी इथे धावत्या गाडीत होत होती. प्रवाशालाही छापील किंमत आणि पंचाचे भोक दिसत असल्याने आपण किती पैसे दिले, हे त्याला ताडून पाहता येई. २०१० च्या सुमारास ट्रेची जागा बॅटरीवरच्या तिकीटयंत्राने घेतली. बेरीज-वजाबाकी यंत्राच्या स्मृतीत गेली. प्रवाशाच्या हाती कागदाचा कपटा मात्र राहिला.

स्पर्शविरहित कार्डात तोही उरत नाही. अशा कार्डात बॅटरी नसते. मग त्यातली चिप चालते कशावर? याचे उत्तर शाळेच्या प्रयोगशाळेत मिळते. तारेच्या वेटोळ्याला गॅल्व्हानोमीटर जोडा आणि वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर हलवा. काटा हलतो. चुंबक स्थिर धरला, की काटा शून्यावर येतो. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेत वीज निर्माण होते, हे फॅरेडेने १८३१ साली दाखवून दिले. कार्ड वाचणाऱ्या यंत्रातील वेटोळ्यात सेकंदाला सुमारे १ कोटी ३५ लाख ६० हजार वेळा बदलणारे क्षेत्र असते. कार्ड काही सेंटिमीटरवर आणले, की त्याच्या कडेने फिरवलेल्या बारीक तारेत चिपला पुरेल एवढी वीज तयार होते. चिप आपल्यावरचा विद्युतभार कमी-जास्त करते. तो बदल यंत्राला जाणवतो. हेच चिपचे उत्तर.

या तत्त्वावरची कार्डे सेऊल शहरातील बसगाड्यांत १९९६ मध्ये आली. हाँगकाँगचे ‘ऑक्टोपस’ कार्ड १ सप्टेंबर १९९७ रोजी सुरू झाले. दिल्ली मेट्रो डिसेंबर २००२ मध्ये धावू लागली, तीच चिप असलेली टोकन आणि कार्डे घेऊन. सगळ्या वाहनांना चालेल असे राष्ट्रीय कार्ड मार्च २०१९ मध्ये आले. त्याच महिन्यात सुरू झालेल्या नागपूर मेट्रोनेही आपले कार्ड काढले.

नागपूरच्या मेट्रोत चालते ते परतवाडा-धारणी एसटीत तसेच चालेल का? मेट्रोचे यंत्र फाटकात पक्के बसवलेले आणि तारेने संगणकाला जोडलेले असते. प्रवासी कुठे चढला, कुठे उतरला, हे फाटकच सांगते. एसटीचे यंत्र मात्र गाडीबरोबर फिरते. मेळघाटाच्या रस्त्यावर मोबाइलचा संकेत न मिळणाऱ्या जागा लागतात. तिथे मुख्य संगणकाला विचारून भाडे कापण्याची पद्धत अडते. म्हणून शिल्लक रक्कम कार्डातल्या चिपमध्येच ठेवावी लागते. दिवसभराच्या नोंदी यंत्रात साठवून आगारात परतल्यावर पुढे पाठवायच्या. आणि प्रवासी सेमाडोहला उतरणार की हरिसालला, हे एक तर कंडक्टरने यंत्राला सांगायचे, नाही तर उतरताना कार्ड पुन्हा दाखवायचे.

एसटी महामंडळाने २०१९ साली सवलतधारकांसाठी स्मार्ट कार्डे काढली. सवलतीचा गैरवापर थांबावा, हा त्यामागचा एक हेतू होता. पुढे करोनाची साथ आली आणि नोंदणीची मुदत वारंवार वाढवावी लागली. ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील प्रवाशांना प्रवास मोफत झाला. तेव्हा आधार, मतदार ओळखपत्र यांसारखी इतर ओळखपत्रेही ग्राह्य धरली गेली. हा निर्णय आम्हाला महत्त्वाचा वाटतो. सवलतीची भरपाई राज्य शासन महामंडळाला देते. त्यामुळे अशा प्रत्येक प्रवासाची नोंद हवी, हे उघड आहे. पण सवलत मिळते ती वयामुळे, चिपमुळे नव्हे. चिप बिघडली म्हणून पंचाहत्तरीच्या आजीने पूर्ण भाडे भरावे किंवा खाली उतरावे, हे न्यायाचे होणार नाही.

म्हणून बसमध्ये कार्डयंत्र येईल तेव्हा ते किती वेगाने चालते, एवढेच विचारून भागणार नाही. संकेत नसताना ते चालते का? किती रक्कम कापली आणि किती उरली, हे प्रवाशाला वाचता येईल असे दाखवते का? आणि कार्ड वाचले गेले नाही, तर दुसरी सोय काय? पुठ्ठ्याच्या तिकिटावरचा क्रमांक मालक, कारकून आणि प्रवासी या तिघांनाही दिसत होता. नव्या यंत्रणेत हिशेब प्रवाशाच्या नजरेआड जाऊ नये, हे पाहावे लागेल. शिक्षकांनी फॅरेडेचा प्रयोग दाखवताना हे तीन प्रश्नही वर्गापुढे ठेवावेत. रोज पास दाखवून शाळेत येणाऱ्या मुलांना त्यांवर नक्कीच काही सांगायचे असेल.