गुलबक्षीची वंशावळ

मुळशी तालुक्यातल्या आमच्या भरे गावी दिवाळीत दारापुढे रांगोळ्या उमटतात, तेव्हा त्यांतल्या एका रंगाला बायका हटकून 'गुलबक्षी' म्हणतात. फुलावरून रंगाला नाव पडावे, हा मान थोड्याच फुलांना मिळतो. ही गुलबक्षी मूळची अमेरिका खंडातली. परसातल्या ओलीवर वाढता वाढता ती घरचीच होऊन बसली. पण रंगाच्या आनुवंशिकतेविषयी तिने दिलेली साक्ष फारशी कोणाला ठाऊक नसते.

ब्रून शहरच्या मठातले ग्रेगोर मेंडेल काही वर्षे माझ्याच पेशात, म्हणजे शाळामास्तर होते. त्यांनी जांभळ्या आणि पांढऱ्या फुलांच्या वाटाण्यांचा संकर केला. पहिली पिढी सारी जांभळी. पुढच्या पिढीत मात्र सुमारे चारांत एक झाड पांढऱ्या फुलांचे! पांढरा रंग हरपला नव्हता, दडला होता. 1866 साली हा निबंध छापून आला. म्युनिकचे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल नेगेली यांना मेंडेलनी तो पाठवला. पण त्यांना त्यातले मर्म उमगले नाही. मेंडेल पत्रे लिहीत राहिले. गुलबक्षीचे एक बी धरायला परागाचा एकच कण पुरतो, हेही त्यांनी कळवले. 1884 साली ते वारले, तेव्हा शास्त्रज्ञ म्हणून त्यांना कोणी ओळखत नव्हते.

आता काळाचा न्याय पाहा. 1900 साली मेंडेलचा नियम पुन्हा उजेडात आणणाऱ्या तिघांपैकी कार्ल कॉरेन्स हे नेगेलींचेच शिष्य! त्यांनी आपल्या लेखाच्या मथळ्यातच मेंडेलचे नाव घातले आणि 1905 साली ती पत्रेही प्रसिद्ध केली. गुरूकडे राहिलेले देणे शिष्याने फेडले.

याच कॉरेन्सनी तांबड्या आणि पांढऱ्या गुलबक्षीचा संकर केला. फुले आली गुलाबी. कोणीही म्हणेल, रंग कालवले गेले. पण त्या गुलाबी झाडांच्या संततीत एक तांबडे, दोन गुलाबी, एक पांढरे असे प्रमाण पडले. दुधात मिसळलेले पाणी असे वेगळे होत नाही. म्हणजे वारशाने उतरतो तो रंग नव्हे, रंगाचा हुकूम.

या हुकमाला आज आपण जनुक म्हणतो. रंगद्रव्य घडवणारी विकरे त्याच्या हुकमाने तयार होतात. गुलबक्षीला हा हुकूम आई-बापांपैकी एकाकडूनच मिळाला, तर रंग फिका उतरतो; वाटाण्याला तेवढाही पुरतो. दोघींची द्रव्येही निराळी: गुलबक्षीचे बीटाच्या जातीचे, वाटाण्याचे अँथोसायनिन. मेंडेलच्या पांढऱ्या वाटाण्याचे कोडे तर 2010 साली उलगडले. त्यात रंग घडवणारी कामकरी जनुके नादुरुस्त नव्हती. त्यांना कामाला लावणारे मुकादम जनुकच एका अक्षराच्या फरकाने निकामी झाले होते.

वाचकहो, परसात गुलाबी गुलबक्षी असेल आणि शेजारी दुसऱ्या रंगाचे झाड नसेल, तर तिचे मिऱ्यासारखे काळे बी मुलांकडून गोळा करून ठेवा. मृगाच्या पावसात ते पेरा, आणि फुले उमलली की कोणत्या रंगाची किती, हे मुलांनाच मोजू द्या.