काच मोठी की हात स्थिर?

थंडीच्या दिवसांत अकलोलीच्या कुंडांवर पहाटे फोटो काढायला जायचं, तर पिशवीत कोणती लेन्स टाकायची हे आदल्या रात्रीच ठरवलेलं बरं. भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या काठाशी ही गरम पाण्याची कुंडं आहेत. उजाडायच्या आत लोक पाण्यात उतरतात, वर वाफ तरंगत असते आणि उजेड म्हणावा तर एखाद्या दिव्याचा. फ्लॅश मारला की वाफेचा कण न् कण चमकतो आणि मागची माणसं पांढऱ्या पडद्याआड जातात. शिवाय अंघोळ करणाऱ्याच्या तोंडावर फ्लॅश मारणं मुळातच वाईट. तेव्हा आहे त्या उजेडातच भागवायचं.

त्यासाठी हाताशी दोन लेन्स असतात. एक, एफ १.८ची फिफ्टी, म्हणजे ५० एमएमची लेन्स, हिच्यात हाताचा कंप थोपवणारं काहीही नाही. दुसरी, आयएस म्हणजे कंप आवरणारी यंत्रणा असलेली झूम. पण हिचं छिद्र पन्नास एमएमच्या आसपास ५.६च्या पलीकडे उघडत नाही. दुकानात दोन्हींबद्दल "अंधारात छान चालते" असंच ऐकायला मिळतं. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. दोघींची घराणी वेगळी आहेत आणि ती समजली की निवड बरीच सोपी होते.

थोरलं घराणं, म्हणजे मोठ्या छिद्राच्या जलद लेन्सचं, व्हिएन्नाचं. १८३९मध्ये दागेरने आपली छायाचित्रणाची पद्धत जाहीर केली, तेव्हा वापरात असलेल्या लेन्सचं छिद्र साधारण एफ १५ इतकं बारीक होतं. इमारतीचा फोटो निघे, माणसाचा निघणं कठीण. उन्हात मिनिटं न् मिनिटं पापणी न हलवता कोण बसणार? योसेफ पेट्झवाल हा व्हिएन्नात गणिताचा प्राध्यापक होता. १८४०मध्ये त्याने गणित मांडून, तोफखान्यातल्या हिशेबात तरबेज सैनिकांच्या मदतीने, एफ ३.६च्या जवळपासची लेन्स आखली आणि फॉइग्टलेंडरने ती घडवली. छिद्र चारपटीहून जास्त रुंद झालं की प्रकाश सोळापटीहून जास्त येतो. त्यामुळे मिनिटांचं काम सेकंदांवर आलं. या लेन्सच्या कडा धूसर येत, पण चेहरा मधोमध असल्याने कोणाचं काही अडत नसे. जलद लेन्स जन्मली ती अशी जिवंत, चुळबुळणाऱ्या माणसासाठी. पुढच्या सगळ्या वंशात हा गुण उतरला आहे.

आपल्याकडे ही विद्या लवकर आली. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ची. पाठोपाठ एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला आणि तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्टुडिओ थाटला. भाऊ दाजी लाडांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हेही त्या पहिल्या पिढीतले नामांकित फोटोग्राफर. त्या काळी स्टुडिओच्या छपरातून उजेड घेत आणि बसणाऱ्याची मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी टेकू लावत. जुन्या फोटोंतली मंडळी इतकी ताठ का दिसतात, याचं एक कारण तो टेकू. लेन्स जलद झाली तरी काचेची प्लेट मंद होती. पुढे फिल्मवर काम करणाऱ्या दादासाहेब फाळक्यांनाही 'राजा हरिश्चंद्र'ची दृश्यं दिवसाउजेडीच घ्यावी लागली.

घरातल्या मंद उजेडात माणसं टिपता येऊ लागली ती १९२४च्या सुमारास. लुडविग बेर्टेले या तरुणाने जर्मनीतल्या एर्नेमान कंपनीसाठी एफ २ची लेन्स आखली आणि ती एर्मानॉक्स कॅमेऱ्यावर चढली. एरिख झालोमोन हा छायाचित्रकार तो कॅमेरा घेऊन न्यायालयांत आणि मुत्सद्द्यांच्या बैठकांत शिरला आणि बोलता बोलता बेसावध झालेले चेहरे त्याने फ्लॅशशिवाय टिपले. आजची स्वस्त फिफ्टी याच घराण्यातली.

दुसरं घराणं बरंच धाकटं, आणि त्याला माणसाच्या हालचालीशी कर्तव्य नव्हतं. त्याची अडचण होती पायाखालची हलणारी जमीन. हेलिकॉप्टरमधून चित्रीकरण करताना चौकट थरथरे. त्यावर १९६०च्या दशकात हुआन दे ला सिएर्वा याने डायनालेन्स काढली. दोन काचांमध्ये द्रव भरायचा आणि कंपानुसार काचांचा कोन बदलून प्रकाशाचे किरण वळवायचे. या कामासाठी त्याला ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. पण घरगुती वापराला हे यंत्र फार मोठं होतं. चिमुकले गायरो सेन्सर आले तेव्हा वाट मोकळी झाली. १९८८मध्ये मात्सुशिताने, म्हणजे आजच्या पॅनासॉनिकने, कंप आवरणारा घरगुती व्हिडिओ कॅमेरा आणला. १९९५मध्ये कॅननची ७५-३०० आयएस आली, एसएलआरसाठीची अशी पहिली लेन्स. दावा दोन स्टॉपचा, म्हणजे शटर चौपट मंद ठेवता येण्याचा होता. पुढे तो चार-पाचांवर गेला. शटरचं बटण अर्धं दाबलं की लेन्समध्ये बारीक घरघर होते आणि व्ह्यूफाइंडरमधलं थरथरतं चित्र जागच्या जागी बसतं. गायरो हाताची हालचाल मोजतो, विद्युतचुंबक आतला एक काचसंच उलट दिशेला सरकवतो. समोरचा माणूस हलतोय की नाही, याची त्याला खबरही नसते.

आता अकलोलीत या. समजा, एकाच आयएसओवर ५.६ला शटर १/१० सेकंदावर येतंय. झूमचा आयएस तेवढं सहज सांभाळतो. देवळाचा दगड, पायऱ्या, काठावर ठेवलेले कपडे, सगळं लख्ख येईल. तांब्याने अंगावर पाणी घेणारा माणूस मात्र फरकाटून जाईल. १.८ला त्याच उजेडात शटर १/१००वर जातं. माणूस थांबतो आणि तुमचा हातही त्या वेगाला पन्नासच्या लेन्सवर निभावतो. आयएसओ वाढवून झूमनेही १/१०० गाठता येईल, पण त्यासाठी तो दहापट करावा लागेल, आणि वाफेच्या करड्या छटांत त्याचे दाणे फार उठून दिसतात.

म्हणून एकच लेन्स घ्यायची ऐपत असेल, तर मी फिफ्टीच घ्यायला सांगेन. इथलं खरं चित्र माणसांचं आहे. एक अट मात्र पाळावी लागते. फुल फ्रेमवर दोन मीटर अंतरावरून १.८ला जेमतेम सतरा सेंटिमीटर जाडीचा पट्टा स्पष्ट येतो. आजी स्पष्ट आली, तर तिच्या मागे पाण्यात बसलेला नातू धूसर होणार. दोघं हवे असतील तर त्यांच्या समोर काटकोनात उभं राहून दोघांना एकाच अंतरावर आणायचं. काळोख्या गाभाऱ्याचे, नदीच्या खडकांचे फोटो हवे असतील, तर मात्र निःशंकपणे आयएस घ्यावा. तिथे छिद्र बारीक ठेवून पुढचं-मागचं सगळं स्पष्ट मिळतं.

दोन्ही घराणी अलीकडे एकत्रही आली आहेत. २०१२मध्ये कॅननने ३५ एमएम एफ २ला आयएस दिला, २०१५मध्ये टॅमरॉनने ३५ आणि ४५च्या एफ १.८ लेन्समध्ये ती सोय घातली. मिनोल्टाने २००३मध्येच सेन्सर हलवणारा कॅमेरा काढला होता. आता बऱ्याच मिररलेस बॉडींत ती यंत्रणा असते आणि साधी फिफ्टीही तिच्यावर स्थिर होते. तरीही चैत्र अमावास्येच्या सुमारास शेजारच्या वज्रेश्वरीच्या यात्रेत पालखी टिपताना शटर १/१२५च्या खाली नेऊ नका. तिथे भोई चालत असतात आणि गर्दीत तुम्हालाही धक्के बसत असतात. यंत्रणा तुमच्या धक्क्यांचं बघेल, भोयांसाठी छिद्र उघडावंच लागेल.