वाघोबा, वाघर आणि पिंजरा

परवा निफाडहून पुतण्याचा फोन. "काका, रात्री बिबट्यानं शेळी नेली. पिंजऱ्यासाठी अर्ज दिलाय." शेळी गाभण होती. ऐकून वाईट वाटलं. पण मास्तरकीची खोड, मन मागे मागेच जात राहिलं.

आमच्या लहानपणी निफाडच्या सपाटीवर वाघ-बिबटे गोष्टींतच असायचे. भीती लांडग्याची. धनगर वावरात मेंढ्या बसवायचे आणि रात्री त्यांच्याभोवती जाळं ताणायचे, ती 'वाघर'. (शब्दात वाघ दिसला तरी मूळ संस्कृत 'वागुरा', म्हणजे जाळं. वर्गात हे दरवर्षी सांगायचो!) खरी राखण मात्र कुत्र्यांची आणि जागणाऱ्या माणसाची.

वाघ पश्चिमेच्या डोंगरात. इगतपुरी-अकोल्याकडचे आदिवासी आश्विन वद्य द्वादशीला, आपण वसुबारस करतो त्याच दिवशी, वाघबारस करतात. वाघोबाच्या ठाण्यावर गुराखी जमतात, खीर शिजते. काही पोरं वाघ, अस्वल, कोल्हा होतात, बाकीचे त्यांना 'आमच्या शिवारात येशील का?' असं दरडावत पिटाळतात. वाघोबाला पुजायचं, पण हद्दही सांगायची. मला हे फार आवडतं.

मग आमच्याकडे बिबट्या आला कसा? मला वाटतं, उसानं आणला. नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्याचे कालवे आले, पुढे साखर कारखाने आले. बारमाही पाणी, दाट आडोसा, वस्तीवर कुत्री-डुकरं. मादी उसातच विते. आमचे गोठे मात्र उघडेच राहिले.

पकडून लांब सोडण्याचा उपाय जुन्नरकडे करून झालाय. डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार, माणसांवरचे हल्ले आधी वर्षाला सरासरी ४ होते, ते २००१ ते २००३ या काळात १७ वर गेले. अकोल्यात त्यांनी बिबट्याची विष्ठा तपासली, तर खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा, सुमारे ३९ टक्के. शेळ्यांचा त्याहून बराच कमी. म्हणजे तो शेळीसाठीच येतो असं नाही, पण उघड्यावर बांधलेली दिसली तर सोडतही नाही.

पुतण्याला म्हटलं, "अर्ज राहू दे. उरलेल्या दोघी रात्री पत्र्याच्या खोलीत घे, खिडकीला जाळी मार."

"तिथे खताच्या गोण्या आहेत, काका."

"मग गोण्या बाहेर काढ. त्या कोण नेतंय?"