दांडा फिरवून केलेलें गणित

मज्जातंतूंतून विद्युत्-लहर कशी धांवते ह्याचीं समीकरणें १९५१ सालीं केंब्रिज येथें हॉजकिन व हक्स्ली ह्यांनीं बसविलीं होतीं. परंतु विद्यापीठाचें गणकयंत्र फेरबदलांसाठीं सहा महिने बंद! हक्स्लींनीं हातदांड्याचें ब्रुन्स्विगा यंत्र पुढें ओढलें. आंकडे मांडावे, दांडा फिरवावा, उत्तर टिपून पुढच्या पायरीस घालावें. त्रैराशिकाला कंटाळणाऱ्यांनीं ऐकावें: कांहीं सहस्रांश सेकंदांची ती लहर कागदावर उतरावयास सुमारें तीन आठवडे लागले. गणितानें वेग दिला सेकंदास १८.८ मीटर, माकुलाच्या तंतूंत मोजलेला भरला २१.२.

१९६० सालीं डेनिस नोबल ह्यांनीं तींच समीकरणें सुधारून हृदयास लाविलीं. लंडनच्या मर्क्युरी गणकयंत्रावर त्यांना वेळ मिळे तो रात्रीं दोन ते चार. आणि पांचाला ते कत्तलखान्यांत मेंढ्यांचीं हृदयें आणावयास जात.