मिटलेल्या डोळ्यांमागची लाट

१/ पेण तालुक्यातील जोहे हे गणेशमूर्तींचे गाव. इथल्या कारखान्यांत मूर्ती साच्यातून निघते, वाळते, रंगते आणि अखेरीस येते डोळ्यांची आखणी. हे काम मुरलेल्या हाताचे. असा एखादा हात साठी-सत्तरीनंतर रोजचा क्रम चुकू लागला, की घरचे म्हणतात, ‘वय झाले.’ म्हणही तयारच असते: साठी बुद्धी नाठी. या म्हणीची शतकभर झालेली उलटतपासणी, हा आजच्या थ्रेडचा विषय.

२/ आरंभ १९०६ चा. जर्मनीतील ट्यूबिंगन येथे आलोइस अल्झायमर यांनी एका स्त्रीच्या मेंदूतील विकृतीचे वर्णन सादर केले. १९०१ मध्ये रुग्णालयात दाखल झाली तेव्हा ती अवघी ५१ वर्षांची होती. म्हणजे विस्मरणामागे केवळ वार्धक्य नव्हे, तर रोग असू शकतो. मात्र पुरावा मिळाला तो मृत्यूनंतर, सूक्ष्मदर्शकाखाली. जिवंत माणसाचे काय?

३/ मेंदूत विद्युत् प्रवाह असतात, हे रिचर्ड कॅटन यांनी १८७५ मध्येच ससे व माकडे यांच्या उघड्या मेंदूवर दाखवले होते. मानवी मेंदूतील या लहरी प्रथम नोंदवल्या येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी, १९२४ मध्ये. छापायला मात्र त्यांनी १९२९ साल उजाडू दिले. आपल्याच निष्कर्षांवर त्यांचा पुरता विश्वास बसत नव्हता.

४/ बर्गर यांना सर्वांत ठळक दिसली ती सेकंदाला सुमारे १० आवर्तनांची लाट. तिला त्यांनी ‘अल्फा’ हे नाव दिले. तिचा स्वभाव विलक्षण आहे: माणूस जागा असून डोळे मिटून स्वस्थ बसला की ती उमटते, डोळे उघडताच मावळते. जिथे मूर्तीचे डोळे उघडले जातात, त्या गावाने ही गोष्ट लक्षात ठेवावी अशीच आहे.

५/ समकालीनांनी बर्गर यांच्याकडे दुर्लक्ष केले. १९३४ मध्ये केंब्रिजचे एड्रियन व मॅथ्यूज यांनी प्रयोग पुन्हा करून दाखवला, तेव्हा जग वळले. तोवर बर्गर यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या लहरीही तपासल्या होत्या, आणि त्या बिघडलेल्या आढळल्या होत्या. १९३६ मध्ये ग्रे वॉल्टर यांनी मेंदूतील गाठीभोवती ‘डेल्टा’ या अतिमंद लहरी दाखवल्या. मंदावलेली लाट ही आजाराची खूण ठरू लागली.

६/ मग वार्धक्य आणि रोग यांतील सीमा कोणती? निरोगी म्हाताऱ्या माणसाची अल्फा लाटही किंचित मंदावते. परंतु पूर्ण जागेपणी ती सेकंदाला ८ आवर्तनांच्या खाली गेली, तर ऐंशीव्या वर्षीही ते सहसा नैसर्गिक मानले जात नाही. अल्झायमरमध्ये प्रथम ४ ते ८ आवर्तनांच्या ‘थीटा’ लहरी वाढतात. पुढे अल्फा ओसरते आणि डेल्टा वाढते.

७/ असे का घडते? १९७६ च्या सुमारास संशोधकांना अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत अॅसिटिलकोलिन या रसायनाची यंत्रणा खालावलेली आढळली. हे रसायन मेंदूला सावध ठेवते. ते घटले की चेतापेशींचा मेळ ढिला पडतो आणि लय मंदावते.

८/ येथेच सावध राहायला हवे. थायरॉइडची कमतरता, ब१२ जीवनसत्त्वाचा तीव्र अभाव, गुंगीची औषधे किंवा संसर्गातून आलेला भ्रम यांतही लहरी मंदावतात, आणि यांतील बरेच काही उपचाराने सुधारते. उलट अल्झायमरच्या आरंभी ईईजी अगदी सामान्यही असू शकतो. म्हणून मंद लाट हा निकाल नाही. ती ‘अधिक तपासा’ अशी सूचना आहे.

९/ सूचनेचा निकाल केला की काय होते, याची खूणही याच इतिहासात आहे. १९३३ च्या नाझी कायद्याने ‘आनुवंशिक रोगी’ ठरवलेल्यांची सक्तीने नसबंदी सुरू झाली. त्यासाठी नेमलेल्या न्यायालयाच्या कामात स्वतः बर्गर सहभागी होते. मनाची लाट पाहणारा माणूसही माणसावर शिक्का मारू शकला.

१०/ भारतात १९५१ मध्ये न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. मुंबईत केईएममध्ये एडी भरुचा आणि जे. जे.मध्ये नोशीर वाडिया यांनी चेताविज्ञानाचे विभाग उभे केले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना, म्हणजे त्या वयोगटातील ७.४ टक्क्यांना, स्मृतिभ्रंश आहे. ‘साठी बुद्धी नाठी’ खरी मानली, तर उरलेल्या ९२ टक्क्यांहून अधिक लोकांचे काय करायचे?

११/ म्हण खोटी ठरते ती दोन्ही बाजूंनी. बहुतेकांची बुद्धी साठीनंतर नासत नाही. आणि ज्यांची खालावते, त्यांच्यामागे अनेकदा नाव असलेले, क्वचित बरे होणारेही कारण असते. जोह्यात आखणी करणाऱ्या एखाद्या आजोबांचा क्रम चुकू लागला, तर ‘वय झाले’ म्हणून त्यांच्या हातातला ब्रश काढून घेण्याआधी त्यांना डॉक्टरांकडे न्यावे. बर्गर यांच्या त्या लाटेने शंभर वर्षांत एवढे तरी नक्की शिकवले आहे.