जॉनबेने रॅम्झी खून प्रकरण : घरातील पुरावे आणि हौशी शोधक

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील बोल्डर शहरात २५–२६ डिसेंबर १९९६ च्या रात्री झालेला, अद्याप उलगडा न झालेला सहा वर्षांच्या मुलीचा खून. मृतदेह मुलीच्या स्वतःच्या घरातच सापडला. कृत्यात वापरलेल्या काही वस्तू त्याच घरातल्या निघाल्या, तर काही कुठून आल्या हे कधीच कळले नाही. त्यामुळे वही, कुंचला, वाडगा, खिडकी अशा रोजच्या वस्तूंवरून गुन्हेगार ओळखता येईल, अशी आशा धरून हौशी शोधकांच्या दोन पिढ्या या प्रकरणाचा कीस काढत आल्या आहेत.

घटना : जॉनबेनेचा जन्म ६ ऑगस्ट १९९० रोजी अटलांटा येथे झाला. वडील जॉन संगणक साहित्याच्या एका मोठ्या वितरण कंपनीचे अध्यक्ष होते, तर आई पॅट्सी १९७७ ची ‘मिस वेस्ट व्हर्जिनिया’ होती. जॉनबेनेही लहान मुलींच्या सौंदर्यस्पर्धांत भाग घेत असे. २६ डिसेंबरला पहाटे ५ वाजून ५२ मिनिटांनी पॅट्सीने पोलिसांना दूरध्वनी केला. मुलगी बिछान्यात नव्हती आणि मागच्या गोल जिन्यावर अडीच पानांचे खंडणीपत्र पडले होते. त्यात १ लाख १८ हजार डॉलरची मागणी होती. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान संपर्क साधू, असेही लिहिले होते. तसा कोणताही दूरध्वनी आला नाही.

दुपारी एकच्या सुमारास वडिलांना तळघरातल्या एका बिनखिडकीच्या खोलीत मुलीचा मृतदेह सापडला. अंगावर पांढरे पांघरूण, तोंडावर चिकटपट्टी, मनगटाला व गळ्याला दोरी होती. शवविच्छेदनात कवटीला सुमारे साडेआठ इंच लांबीची भेग आढळली. गळा आवळल्याने श्वास कोंडणे आणि त्यासोबत डोक्याला झालेली जबर इजा, असे मृत्यूचे कारण नोंदवले गेले.

पहिले सात तास : या प्रकरणातले बरेचसे वाद त्या सकाळच्या ढिलाईतून जन्मले. पोलिसांनी हे अपहरण समजून फक्त मुलीची खोली बंद केली. बाकीच्या घरात नातलगांसारखे जवळचे मित्र, धर्मगुरू आणि पोलीस यांची ये-जा सुरू राहिली. काही जणांनी तर स्वयंपाकघराची आवराआवरही केली. पहाटे एक पोलीस तळघरातल्या त्या खोलीच्या दारापर्यंत गेला होता. दाराला वरच्या बाजूने लाकडी खिटी होती. अपहरण करणारा या दारातून बाहेर पडला नसणार, असे समजून त्याने ते उघडले नाही. दुपारी तिथे एकच महिला गुप्तहेर अधिकारी हजर होती. तिने वडिलांना घर पुन्हा तपासायला सांगितले. मृतदेह दिसताच वडिलांनी चिकटपट्टी काढली आणि लेकीला उचलून वर आणले. कोणताही बाप हेच करील. पण त्या क्षणी घटनास्थळाची मूळ स्थिती कायमची मोडली.

घरातील वस्तू : (१) खंडणीपत्र. पत्राचा कागद घरातल्याच वहीचा होता आणि शाईही घरातल्याच पेनाची निघाली. त्याच वहीत आणखी एक पान मिळाले. त्यावर श्री. व श्रीमती असे संबोधन सुरू करून लिहिणाऱ्याने लिखाण तिथेच थांबवले होते. मागितलेली रक्कम वडिलांना त्या वर्षी मिळालेल्या बोनसच्या जवळपास होती. घरच्या माणसावर संशय घेणाऱ्यांना हा सर्वांत भक्कम पुरावा वाटतो. दुसरी बाजू म्हणते की, कुटुंब संध्याकाळभर मेजवानीला गेले होते. तेवढ्या वेळात लपून बसलेल्या माणसाला वही, पेन आणि पगाराचे कागद सहज मिळू शकतात. हस्ताक्षरतज्ज्ञांनी वडिलांना वगळले; आईबाबत मात्र निर्णायक मत मिळाले नाही.

(२) कुंचला. गळ्याभोवतीचा फास आवळण्यासाठी कुंचल्याच्या दांड्याचा मोडका तुकडा वापरला होता. आईच्या रंगसाहित्यात त्याच कुंचल्याचा दुसरा तुकडा सापडला; तिसरा मिळालाच नाही. तशी दोरी आणि चिकटपट्टीचे मूळ रीळ मात्र घरात आढळले नाही. म्हणजे फासाचे लाकूड घरातले आणि दोरी कुठली ते ठाऊक नाही. एकाच वस्तूतून दोन्ही पक्षांना आपापला आधार मिळतो, तो असा.

(३) अननस. मेजावर अननसाचा वाडगा होता व त्यावर आई आणि भावाच्या बोटांचे ठसे होते. मुलीच्या लहान आतड्यात फळाचे तुकडे आढळले, ते अननसाचे असल्याचे मानले गेले. तिला अननस दिल्याचे आईवडिलांना आठवत नव्हते. त्यांच्या सांगण्यानुसार घरी परतताना ती गाडीतच झोपी गेली होती. यावरून ती रात्री उठून जेवघरात आली असावी, असा तर्क केला जातो. पण पचनाचा वेग माणसागणिक, प्रसंगागणिक बदलतो. त्यावरून घड्याळ लावता येत नाही. शिवाय घरच्या वाडग्यावर घरच्यांचेच ठसे असणार. ते कधी उमटले, हे ठसा सांगत नाही.

(४) खिडकी. तळघरातील एका खिडकीची काच फुटलेली होती व खाली सूटकेस उभी होती. किल्ली नसताना आपणच काही महिन्यांपूर्वी ती काच फोडली होती, असे वडिलांनी सांगितले. निवृत्त गुप्तहेर लू स्मिट यांनी त्या खिडकीतून स्वतः आत शिरून दाखवले. खिडकीबाहेरच्या जाळीपाशी कोळ्याचे जाळे शाबूत होते, याकडे विरोधक बोट दाखवतात. याशिवाय ओट्यावरची विजेरी आणि तळघरातला बुटाचा ठसा यांवरही अखंड चर्चा चालते.

हौशी शोधक : शवविच्छेदन अहवाल आणि खंडणीपत्राचा मजकूर १९९७ मध्येच लोकांसमोर आला. पुढे माजी तपास अधिकाऱ्यांची पुस्तके, आईवडिलांचे पुस्तक आणि दूरचित्रवाणीवरील मालिका यांतून सामान्य वाचकाच्या हाती भरपूर सामग्री पडली. ‘घरचाच कोणी’ आणि ‘बाहेरचा घुसखोर’ असे दोन तट पडले. अधिकारीही तसेच विभागले गेले होते : पोलीस गुप्तहेर स्टीव्ह थॉमस यांचा संशय आईवर होता, तर जिल्हा सरकारी वकिलांसाठी काम करणारे स्मिट घुसखोराच्या बाजूचे होते. दोघांनीही १९९८ मध्ये काम सोडले.

हौशी शोधकांचे काम सरसकट टाकाऊ नाही. त्यांनी घराचे नकाशे, वेळापत्रके आणि जबाबांतील विसंगती चिकाटीने जुळवल्या आणि प्रकरण विस्मृतीत जाऊ दिले नाही. त्यांची अडचण पद्धतीत आहे. आधी गुन्हेगार ठरवायचा आणि मग प्रत्येक वस्तू त्याच्याकडे वळवायची, असे वारंवार घडले. याची झळ जिवंत माणसांना बसली. घटनेच्या वेळी नऊ वर्षांच्या असलेल्या भावावर २०१६ च्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने बोट रोखले. त्याने ७५ कोटी डॉलरचा बदनामीचा दावा लावला व २०१९ मध्ये तो तडजोडीने मिटला.

अधिकृत वाटचाल : सप्टेंबर १९९८ मध्ये ग्रँड ज्युरी, म्हणजे आरोप ठेवण्याइतका पुरावा आहे का हे ठरवणारे नागरिकांचे मंडळ, बसवण्यात आले. ऑक्टोबर १९९९ मध्ये जिल्हा सरकारी वकील अॅलेक्स हंटर यांनी कोणावरही खटला भरता येण्याइतका पुरावा नसल्याचे जाहीर केले. मृत्यूला कारणीभूत ठरलेल्या बालछळाच्या आरोपांसाठी मंडळाने आईवडिलांविरुद्ध कौल दिला होता आणि हंटर यांनी त्यावर सही केली नव्हती, हे २०१३ मध्ये उघड झाले. दरम्यान २४ जून २००६ रोजी पॅट्सीचे कर्करोगाने निधन झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बँकॉकला पकडलेल्या एकाने खुनाची कबुली दिली, पण त्याचा डीएनए जुळला नाही. जुलै २००८ मध्ये तत्कालीन जिल्हा सरकारी वकील मेरी लेसी यांनी कपड्यांवरील अनोळखी पुरुषाच्या डीएनएच्या आधारे कुटुंबाला निर्दोष म्हटले. तो नमुना एकापेक्षा अधिक व्यक्तींचे मिश्रण असू शकतो, अशी शंका २०१६ मध्ये काही तज्ज्ञांनी मांडली. बोल्डर पोलिसांकडे या प्रकरणात २१,००० हून अधिक सूचना आल्या आहेत.

मूल्यमापन : घरातली वस्तू वापरली म्हणून गुन्हेगार घरातलाच, हा निष्कर्ष तर्काला धरून नाही. घरात शिरलेल्या माणसाच्या हाताला त्याच वस्तू लागतात. तसेच दोरी सापडली नाही म्हणून तो बाहेरचाच, हेही सिद्ध होत नाही. ज्या घरात पहिले सात तास माणसे मोकळेपणी वावरली, तिथल्या वस्तूंची जागा आणि अवस्था यांवर टोकाचे अनुमान रचणे अन्यायाचे आहे. नव्या तंत्राने डीएनएची फेरतपासणी व्हावी, ही वडिलांची मागणी म्हणूनच रास्त ठरते. वंशावळीच्या आधारे डीएनएची ओळख पटवून कॅलिफोर्नियातील एक जुना खुनी २०१८ मध्ये पकडला गेला होता. जॉनबेनेला न्याय मिळायचा तर तो अशा तपासणीतून मिळण्याची शक्यता अधिक आहे. तिच्या खुनाबद्दल आजवर एकाही व्यक्तीवर न्यायालयात खटला चाललेला नाही.