चेक कुठला? वाशीचा की रत्नागिरीचा?

ज्यांचा हा भाग ऐकायचा राहिला त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोललेलं थोडं आवरून घेतलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आज चेकबद्दल बोलायचंय. हो, चेकच. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी चेकबुक हातात घेतलं असेल ते फक्त कर्जाची फाइल करताना, "एक कॅन्सल्ड चेक जोडा" असं कुणी सांगितलं म्हणून. पण एखाद्या बागायतदाराचं अख्ख्या हंगामाचं उत्पन्न अजूनही त्या कागदाच्या तुकड्यावर येऊ शकतं.

समजा, पावसचा एक बागायतदार आहे. एप्रिलमध्ये त्याने हापूसच्या पेट्या वाशीच्या मार्केटला पाठवल्या. दलालाने माल विकला, हमाली, भाडं, कमिशन कापून पट्टी पाठवली आणि पट्टीसोबत चेक. चेक दलालाच्या वाशीतल्या बँकेवर काढलेला. बागायतदाराने तो रत्नागिरीत आपल्या खात्यात भरला. चेक परत आला. मेमोवर कारण: खात्यात पुरेशी रक्कम नाही.

आता केस करायची, पण कुठे? रत्नागिरीच्या कोर्टात की तिकडे नवी मुंबईत? मध्ये साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर. दर तारखेला रात्रीची एसटी किंवा कोकण रेल्वे, वकिलाची फी, बागेतलं काम बंद. दोन पेट्यांच्या पैशासाठी कोण जाईल? हा चेक नेमका "कुठला" आहे, यावर त्या माणसाला न्याय परवडतो की नाही हे ठरतं. आणि या प्रश्नाचं उत्तर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत चक्क उलटसुलट झालंय. ते समजायला आधी थोडं मागे जाऊ.

चेक यायच्या आधी आपल्याकडे हुंडी होती. एका गावच्या सावकाराने दुसऱ्या गावच्या पेढीला लिहिलेली चिठ्ठी: अमक्याला इतके रुपये द्यावेत. दाखवल्याबरोबर पैसे द्यायचे ती दर्शनी हुंडी, ठरलेल्या दिवसांनी द्यायचे ती मुदती. हरवली तर दुसरी प्रत मिळे, तिला म्हणत पेठ. तीही हरवली तर तिसरी, परपेठ. यात माझी आवडती म्हणजे शहाजोग हुंडी. तिचे पैसे कुणालाही मिळत नसत, फक्त "शहा"ला मिळत. शहा म्हणजे बाजारात पत असलेला, सगळ्यांना ठाऊक असलेला व्यापारी. तुमच्या हातात हुंडी असली तरी तुम्हाला शहाकडे जावं लागे आणि तो तुमच्यासाठी पैसे वसूल करी. पुढे हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली तर पेढी शहाला धरायची: खरा माणूस आणून उभा कर, नाहीतर पैसे परत दे. "पतसंस्था" या शब्दातली पत ती हीच. हा शहा लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

इंग्रजांना हे सगळं कायद्यात बसवायचं होतं. १८६६ साली मसुदा झाला, तो व्यापाऱ्यांना पसंत पडला नाही, कारण तो इंग्लंडच्या कायद्यापासून बऱ्याच ठिकाणी वेगळा होता. मग खाडाखोड, पुन्हा मसुदे, आणि शेवटी १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट. सरकारी मराठीत परक्राम्य संलेख अधिनियम. हे नाव एका दमात म्हणून दाखवा! १ मार्च १८८२ पासून लागू झालेला हा कायदा आजही तोच आहे. त्याच्या पहिल्याच कलमात एक सूट आहे: देशी भाषेत लिहिलेल्या कागदाला स्थानिक रिवाज लागू राहील, मात्र हा कायदा लागू व्हावा असं कागदातच लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे मोडीत लिहिलेल्या हुंडीला बाजाराचा रिवाज आणि इंग्रजीत लिहिलेल्या चेकला हा कायदा. कुठला कायदा लागणार ते भाषेवर!

चेकची व्याख्या सहाव्या कलमात आहे. चेक म्हणजे विशिष्ट बँकेवर काढलेला असा आदेश, जो मागणी करताच देय असतो. त्यात तीन पात्रं येतात. लिहिणारा तो आदेशक, आपल्या गोष्टीत दलाल. ज्या बँकेला आदेश दिलाय ती आदेशिती, म्हणजे वाशीची बँक. ज्याला पैसे मिळायचे तो आदाता, आपला बागायतदार. गंमत बघा, यात रत्नागिरीची बँक कुठेच नाही. ती फक्त वसुली करून देणारी. चेकवर तिचं नावही नसतं.

पण तिच्याशिवाय पान हलत नाही, कारण दोन आडव्या रेघा. चेकच्या कोपऱ्यात त्या मारल्या की चेक रेखांकित झाला आणि पैसे खिडकीवर रोख मिळणं बंद. एखाद्या बँकेमार्फतच ते वसूल व्हायला हवेत. मग चोराने चेक पळवून आपल्या खात्यात भरला तर? कलम १३१ म्हणतं, वसूल करणाऱ्या बँकेने सद्भावनेने आणि हलगर्जीपणा न करता ग्राहकासाठी पैसे घेतले असतील, तर खऱ्या मालकाला ती जबाबदार नाही. हलगर्जीपणा केला असेल तर मात्र हे संरक्षण गेलं. ओळख न पटवता खातं उघडलं, चेकवरच्या आणि खात्यावरच्या नावातला फरक डोळ्याआड केला, तर बँक अडकते. आला की नाही आपला शहा परत? केवायसीसाठी बँक तुमच्या मागे लागते ना, त्यामागे बाकीच्या कारणांसोबत हेही एक जुनं कारण आहे.

आता बँक म्हणजे कोण? १८८१ च्या कायद्याचं उत्तर साधारण असं: बँकरचं काम करतो तो बँकर. धन्य! धड व्याख्या आज आपण बघतो ती १९४९ च्या बँकिंग कायद्यात, कलम ५ मध्ये. कर्ज देण्यासाठी किंवा गुंतवण्यासाठी लोकांकडून ठेवी घेणं, ज्या मागताक्षणी किंवा ठरल्याप्रमाणे परत करायच्या आणि ज्या चेक, ड्राफ्ट वगैरेने काढता येतील, ते बँकिंग. नीट वाचलं तर यात एक कडू गोष्ट आहे. "सांभाळण्यासाठी" हा शब्द कुठेच नाही. ठेव म्हणजे बँकेला दिलेलं कर्ज. लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने फोली विरुद्ध हिल या खटल्यात १८४८ सालीच हे सांगून टाकलं होतं: भरलेले पैसे बँकेचे होतात, तुमच्याकडे राहतो तो ते परत मागायचा हक्क. १९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळची पलाई सेंट्रल बँक बुडाली तेव्हा या व्याख्येचा अर्थ लोकांना समजला. त्यानंतर १९६२ पासून ठेवींवर विमा आला, सुरुवातीला दीड हजार रुपयांचा. आज तो पाच लाखांचा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला मात्र तो नाही, कारण पतसंस्था कायद्याने बँक नाही. २०२० च्या दुरुस्तीत तर प्राथमिक कृषी पतसंस्थांसाठी, म्हणजे आपल्या गावच्या विकास सोसायटीसाठी, स्पष्टच लिहिलंय: बँकिंग कायद्याबाहेर राहायचं असेल तर नावात किंवा धंद्यात "बँक" शब्द वापरायचा नाही आणि चेकची आदेशिती व्हायचं नाही. तुमच्यावर चेक काढता येतो का, हीच परीक्षा.

असो. बागायतदाराकडे परत येऊ.

चेक न वटणं हा पूर्वी स्वतंत्र गुन्हाच नव्हता. दिवाणी दावा लावा, नाहीतर फसवणूक सिद्ध करा. १ एप्रिल १९८९ पासून कलम १३८ आलं आणि चेक बाउन्स झाला तर तुरुंग ही भीती आली. मुदती आज अशा: परतीची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस, तरीही दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही.

पण चेक मुदतीत "बँकेत" भरायचा म्हणजे कुठल्या बँकेत? २००१ मध्ये नागपूरच्या जायसवाल्स नेको कंपनीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टापुढे हाच वाद आला. कोर्टाने कायद्यातल्या इंग्रजी "अ बँक" आणि "द बँक" यांतला फरक उलगडला. "द बँक" म्हणजे आदेशिती बँक. चेक मुदतीत तिच्यापर्यंत पोचायला हवा, आपल्या बँकेत वेळेत भरला एवढं पुरत नाही. मराठीत हा "द" नाहीच, म्हणून तो किती महाग पडू शकतो ते आपल्याला चटकन जाणवत नाही. त्या काळात बाहेरगावचा चेक कागदानेच प्रवास करायचा. मुदत संपत आलेला चेक रत्नागिरीत भरला, तर तो घाट ओलांडून कधी पोचतो याच्यावर सगळं.

आता मुख्य प्रश्न, कोर्ट कुठलं. १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टाने भास्करन खटल्यात उदार उत्तर दिलं होतं. चेक लिहिणं, बँकेत सादर करणं, तो परत येणं, नोटीस देणं आणि तरी पैसे न देणं, या पाच गोष्टी. यातली एकही जिथे घडली तिथे खटला चालेल. बागायतदार खूश. पण याचा गैरफायदाही झाला. मोठ्या कंपन्या मुद्दाम लांबच्या शहरातून नोटीस पाठवून तिथे केस टाकू लागल्या आणि छोटा कर्जदार देशभर फिरू लागला. म्हणजे तक्रार दोन्ही बाजूंची खरी होती.

१ ऑगस्ट २०१४ ला निकाल आला, दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य. तीन न्यायमूर्तींनी सांगितलं, आदेशिती बँकेने चेक परत केला तिथेच गुन्हा घडला, त्यामुळे खटला फक्त तिथेच. ज्या केसेसमध्ये साक्षी-पुरावा सुरू झाला नव्हता त्या तक्रारदाराला परत द्यायच्या, त्याने ३० दिवसांत योग्य कोर्टात दाखल करायच्या. कायद्याच्या तर्काने हे नीटनेटकं होतं. पण आपल्या बागायतदाराला याचा अर्थ एवढाच: फाइल उचल आणि नवी मुंबईला जा. ज्याने पैसे बुडवले त्याच्या दारात, ज्याचे बुडाले त्याने खेटे घालायचे. माझ्या मते हे चुकलंच. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने थोडी वाट काढली: देशभर कुठल्याही शाखेत वटेल असा चेक असेल, तर तो ज्या जवळच्या शाखेने परत केला तिथलं कोर्ट चालेल.

शेवटी संसदेला हात घालावा लागला. १५ जून २०१५ ला वटहुकूम, नंतर त्याच तारखेपासून लागू धरलेला दुरुस्ती कायदा. नवीन कलम १४२(२): चेक खात्यात वसुलीसाठी भरला असेल, तर आदात्याचं खातं ज्या शाखेत आहे तिथलं कोर्ट. आधी ज्या रत्नागिरीच्या बँकेचं चेकवर नावही नव्हतं, तीच आता केस कुठे चालणार ते ठरवते. प्रलंबित खटलेसुद्धा त्याप्रमाणे हलवायचे. २०१९ अखेर देशातल्या २.३१ कोटी प्रलंबित फौजदारी खटल्यांपैकी ३५.१६ लाख चेकचे होते, यावरून पसारा लक्षात येईल.

यात एक बारीक खुंटी आहे. चेक तुम्ही कुठल्याही शाखेत भरा, कायदा धरतो ती मूळ शाखा. खातं मुंबईत नोकरीला असताना दादरला उघडलं, नंतर गावी आलात, आणि चेक रत्नागिरीत भरलात, तरी कोर्ट मुंबईचं. चाकरमान्यांच्या जिल्ह्यात हे अगदी सहज होतं. धंदा गावात असेल तर खातं गावच्या शाखेत हलवून घ्या.

आणि कागद? तो आता रत्नागिरीबाहेर जातच नाही. २००२ च्या दुरुस्तीने चेकच्या व्याख्येत त्याचं इलेक्ट्रॉनिक चित्रही आलं आणि २७ एप्रिल २०१३ ला मुंबईत चित्रावर चालणारं क्लिअरिंग सुरू झालं. मूळ चेक वसूल करणाऱ्या बँकेकडेच राहतो, त्यामुळे तो वरवर खरा दिसतो ना, खाडाखोड नाही ना, हे बघायची जबाबदारीही १३१ व्या कलमात तिच्यावरच टाकली आहे. ४ ऑक्टोबर २०२५ ला तर असा नियम आला की सकाळी दहा ते दुपारी चारमध्ये गेलेल्या चेकचं उत्तर वाशीच्या बँकेने त्याच संध्याकाळी सातपर्यंत द्यायचं.

तुम्ही म्हणाल, आम्ही यूपीआयवाले, आम्हाला काय. ईएमआयसाठी बँकेला जी ऑनलाइन परवानगी देता ना, तो हप्ता खात्यात पैसे नसल्याने परत गेला तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ चं कलम २५ लागतं. शिक्षा तीच, दोन वर्षांपर्यंत.

बागायतदाराने काय करावं? मेमो हातात पडल्याची तारीख पासबुकातच लिहून ठेवावी, तीस दिवस तिथून मोजायचे. नोटीस स्पीड पोस्टाने, पावती जपून. आणि पट्टी फेकू नये, तो चेक कशाबद्दल होता याचा पुरावा तीच आहे.

पुढच्या भागात गिरणगावातून कोकणात येणारी मनीऑर्डर. भेटू.